रंगमंचावरील उजळत्या पाट्या आणि विजेची सुरक्षितता

महोदय,

राज्य नाट्य स्पर्धेची आणि ठिकठिकाणच्या एकांकिका स्पर्धांची तयारी सुरू झाली की नेपथ्याच्या चर्चेत हल्ली एक मागणी हमखास पुढे येते, ती म्हणजे दिव्यांनी उजळणारी आठ-दहा फुटी पाटी. प्रसंग जुन्या चित्रपटगृहाचा असो, लॉजचा असो की बसस्थानकाचा, अशी पाटी पडदा उघडताक्षणी स्थळ आणि काळ सांगून टाकते, म्हणून या मागणीचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र तिच्या सुतारकामाला आणि रंगकामाला जितका वेळ दिला जातो, त्याच्या निम्मादेखील वीजकामाला दिला जात नाही, याची काळजी वाटते.

पूर्वी अशा पाटीत झिरोचे बल्ब लावत. झिरोचा म्हणून विकला जाणारा बल्ब प्रत्यक्षात १२ ते १५ वॉट वीज खातो. असे साठ बल्ब एका पाटीत बसवले की पाऊण किलोवॉटच्या आसपास उष्णता त्या बंद खोक्यात कोंडते, आणि ते खोके बहुधा प्लायवूडचे असून कापडी विंगेला खेटून उभे असते. एलईडी पट्टीने हा धोका बराच कमी केला, पण ती १२ व्होल्टवर चालते म्हणजे निर्धास्त, हा समज चुकीचा आहे. मीटरला १४.४ वॉट घेणारी पट्टी १५ मीटर वापरली तर भार २१६ वॉटच होतो, परंतु १२ व्होल्टवर त्यासाठी १८ अँपिअर प्रवाह लागतो. तो एकाच बारीक वायरीतून नेला तर वायर तापते, इन्सुलेशन मऊ पडते आणि सांध्यापाशी ठिणगी उडू शकते. म्हणून प्रत्येक पाच मीटरला स्वतंत्र जाड वायर आणि स्वतंत्र फ्यूज द्यावा, तसेच पट्टीला दोन्ही टोकांनी वीज जोडावी, म्हणजे शेवटची अक्षरे मंदही दिसणार नाहीत.

देवनागरी पाटीला एक मोठी सोय उपजतच मिळालेली आहे. शिरोरेषा ही आडवी पोकळ पेटी म्हणून बांधली की सगळी अक्षरे तिच्यावर टांगता येतात, वायरिंग तिच्या पोटातून नेता येते आणि दोन शब्दांच्या मध्ये सांधा ठेवून पाटी टेम्पोत मावेल अशी सुटी करता येते. अडचण येते ती श, क्ष, ज्ञ यांसारख्या गाठीच्या अक्षरांची. उजेड पसरून त्यांतील पोकळ्या भरून जातात आणि मागच्या रांगेतून नुसता गोळा दिसतो. अशी अक्षरे इतरांपेक्षा थोडी मोकळी कापावीत आणि दुधी ॲक्रिलिकच्या मागे पट्टी दोन-तीन इंच आत बसवावी, म्हणजे दिव्यांचे दाणे वेगळे दिसत नाहीत.

पाटीचा पॉवर सप्लाय, म्हणजे मुख्य वीज १२ व्होल्टवर आणणारी पेटी, नाट्यगृहाच्या डिमरवर (दिवे मंद-प्रखर करणाऱ्या यंत्रणेवर) जोडण्याचा मोहही टाळायला हवा, कारण त्याने दिवे लुकलुकतात आणि सप्लाय बिघडण्याची शक्यता असते. पाटी मंद करायची असल्यास एलईडीचा वेगळा डिमर सप्लायच्या पुढे, १२ व्होल्टच्या बाजूला लावावा.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेली ती वास्तू डोळ्यांदेखत जळताना ज्यांनी पाहिली, त्यांना लाकूड, कापड आणि रंग यांनी भरलेला मंच किती झपाट्याने पेटतो हे वेगळे सांगायला नको. माझी सर्व स्पर्धा-आयोजकांना, विशेषतः सांस्कृतिक कार्य संचालनालयाला, विनंती आहे की विजेवर चालणारी प्रत्येक नेपथ्यवस्तू संस्थेने प्रवेशिकेतच नोंदवावी, प्रयोगापूर्वी नाट्यगृहाच्या वायरमनने तिची जोडणी पाहून लेखी मान्यता द्यावी, आणि तिला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असलेल्या स्वतंत्र प्लगवरूनच वीज मिळावी. या तपासणीचा वेळ संस्थेला मिळणाऱ्या सेटिंगच्या वेळेतून कापला जाऊ नये, अन्यथा घाईत जोडलेल्या वायरी पाहण्याचे काम पुन्हा घाईतच उरकले जाईल.

– एक हौशी नेपथ्यकार, सांगली