दादा, त्या दिवशी तुम्ही ट्यून करायला नाही म्हणालात, त्याबद्दल थँक यू

दादा,

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही विषय बदलता, लगेच "ऑइल बघितलंस का" वर येता, म्हणून शेवटी लिहूनच टाकतोय. आणि सगळ्यांसमोर लिहितोय, कारण माझ्यासारखाच कोणीतरी आत्ता चांगला ट्यूनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधलं सेटिंग बदलून ताकद वाढवणारा माणूस, शोधत असेल आणि नक्की कोणाच्या हातात गाडी द्यायची हे त्याला कळत नसेल.

तुमच्याकडे आलो तेव्हा माझी काय अवस्था होती ते तुम्ही बघितलंय. दोन लिटरचं टर्बो इंजिन, डायरेक्ट इंजेक्शन, ड्युअल क्लच, कित्येक वर्षं पैसे साठवून घेतलेली गाडी, आणि तिच्यात आधीच एकाने "स्टेज १", म्हणजे ताकद वाढवणारी पहिल्या पायरीची फाइल, टाकून दिलेलं. ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला, केबल लावली, लॅपटॉपवर एक पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत गेली, अर्ध्या तासात काम झालं. चालत्या इंजिनच्या आकड्यांची नोंद, म्हणजे लॉग, ना आधी घेतला ना नंतर. पहिले दोन महिने मी नुसता हवेत होतो. मग चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये, आरपीएम खाली असताना पाय दाबला की डबीत खडे हलवल्यासारखा आवाज यायला लागला आणि मधूनच एक झटका. त्याला विचारलं तर म्हणाला पेट्रोल खराब असेल. परत विचारलं तर म्हणाला परफॉर्मन्स गाडी आहे, आवाज येणारच. तिसऱ्या वेळेला फोनच उचलला नाही. चेक इंजिनचा दिवा एकदाही लागला नव्हता, त्यामुळे मलाच वाटायला लागलं की माझे कान वाजतायत.

मी तुमच्याकडे येताना ठरवून आलो होतो की यांच्याकडून स्टेज २ करून घ्यायचं, म्हणजे आधीचं सगळं आपोआप पुसलं जाईल. तुम्ही बॉनेट उघडायच्या आधी मला समोर बसवलंत आणि प्रश्न सुरू केलेत, पेट्रोल किती ऑक्टेनचं टाकतोस, प्लग किती किलोमीटर चाललेत, रोज कशी चालवतोस, ट्रॅकवर नेणार आहेस का, वॉरंटी शिल्लक आहे का. ऑइलच्या डब्यावर एपीआय एसपी हा ग्रेड लिहिलंय का, हे मला आजवर कोणीच विचारलं नव्हतं. आरपीएम खाली आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, जास्त असला की कधीकधी स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेटतं, त्यात ऑइलच्या बारीक थेंबांचाही हात असतो, आणि म्हणून २०२० मध्ये आलेल्या एसपी ग्रेडमध्ये त्याची वेगळी टेस्ट आहे, हे तुम्ही मला कागदावर पिस्टन काढून समजावलंत. पैशाची गोष्ट निघायच्या आधीच हेही सांगितलंत की मूळ फाइल परत टाकली तरी कंपनीच्या स्कॅनरला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, फ्लॅश झालेला (नव्याने लिहिलेला) कळू शकतो, वॉरंटी नाकारू शकतात, इन्शुरन्सवाल्यांनाही कळवावं लागतं, तेव्हा नीट विचार कर. गिऱ्हाईक हातचं जाईल अशी वाक्यं पहिल्या दहा मिनिटांत बोलणारा माणूस मी या लाइनमध्ये पहिल्यांदा बघितला.

आणि मग म्हणालात, आज मी ट्यून करणार नाही, आज फक्त बघणार.

डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या मशीनवर, गाडी बांधली, समोर पंखा लावला आणि तुम्ही लॉग सुरू केलात. तो स्क्रीन माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. चार सिलिंडरचे चार कॉलम, एक, तीन आणि चारला मायनस दीड-दोन, आणि दोन नंबरला मायनस साडेसात. म्हणजे ईसीयू बिचारा त्या एका सिलिंडरचं स्पार्कचं टायमिंग साडेसात अंश मागे ओढून इंजिन वाचवायला बघतोय. शेजारी मिसफायरचा, म्हणजे न पेटलेल्या वेळांचा, काउंटर वाढतोय, पण दोन नंबरच्या मिसफायरचा पी०३०२ हा कोड काही येत नाही. तुम्ही दोन मिनिटं काहीच बोलला नाहीत. मग ईसीयूमधली फाइल वाचून काढलीत, मूळ फाइलच्या शेजारी लावलीत, आणि मला खुर्ची जवळ ओढायला सांगितलंत.

त्या आधीच्याने मिसफायरचा कोडच बंद करून ठेवला होता, दादा. म्हणून दिवा लागत नव्हता! आणि नॉक, म्हणजे मिश्रण जळायच्या ऐवजी फुटणं, पकडणाऱ्या नॉक सेन्सरची संवेदनशीलता कमी केलेली. तुम्ही म्हणालात, हा सेन्सर म्हणजे ब्लॉकला बोल्टने आवळलेला कान आहे, याने त्या कानात बोळे घातलेत आणि तरीही त्याला एवढं ऐकू येतंय. फाइलही बहुतेक ९८ ऑक्टेन धरून लिहिलेली, आणि मी टाकत होतो ९५. मला एकदम गार पडल्यासारखं झालं, कारण मी गेले कित्येक महिने घरच्यांना मागच्या सीटवर बसवून तीच गाडी पळवत होतो.

तुम्ही मात्र सगळं खापर फाइलवर फोडून मोकळे झाला नाहीत, हे मला सगळ्यात जास्त भावलं. स्मोक टेस्ट केलीत तर टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपच्या क्लॅम्पमधून धुराची बारीक रेघ निघाली. तिथून हवा गळायची, मग ठरलेला बूस्ट गाठायला टर्बो जास्त फिरायचा, हवा जास्त तापायची, आणि तापलेली हवा म्हणजे नॉकला आमंत्रणच. मग प्लग काढलेत. दोन नंबरचा प्लग तुम्ही टॉर्चखाली धरलात आणि भिंग माझ्या हातात दिलंत. पांढऱ्या पोर्सेलिनवर बारीक चकाकणारे ठिपके. "हे ॲल्युमिनियम आहे, तुझ्या पिस्टनचं," एवढंच बोललात. बोअरस्कोप, म्हणजे बारीक कॅमेरा, आत घालून पिस्टनची कडा बघितलीत, प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजलंत, आणि चारही आकडे जवळजवळ सारखे आले तेव्हा मी श्वास सोडला. तुम्हीपण सोडलात, मी बघितलं.

त्या दिवशी गाडीत मूळ फाइल टाकून, क्लॅम्प बदलून, नवीन प्लग गॅप मोजून बसवून मला घरी पाठवलंत. पंधरा दिवस साधी चालव, मला लॉग पाठव, मग बोलू. मी थोडा खट्टू झालो होतो हे खरंय, पण त्या पंधरा दिवसांत तो खड्यांचा आवाज एकदाही आला नाही आणि तेव्हाच ठरलं की गाडीला हात लावायचा तर यांनीच.

वाट बघत बसलो होतो तेव्हा तुम्ही जुन्या दिवसांचं सांगितलंत ते मी बऱ्याच जणांना ऐकवलंय. कार्ब्युरेटरचे जेट बदलत तुम्ही हे काम शिकलात. १९७९ साली बॉशची मोट्रॉनिक बीएमडब्ल्यू ७३२आय मध्ये आली आणि पेट्रोल आणि स्पार्क दोन्ही एका डब्यातून चालायला लागले, तिथून सगळं बदलत गेलं. तुमचं म्हणणं असं की जेट चुकीचा बसला तर गाडी लगेच कुरकुर करायची, आताचा ईसीयू मात्र ट्यूनरच्या चुका पोटात घालतो, टायमिंग मागे घेतो, पेट्रोल वाढवतो, थ्रॉटल आवळतो, आणि मालकाला वाटतं सगळं मस्त चाललंय. ६००० आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला ५० वेळा पेटतं, आणि दर वेळेला पेट्रोल जळलं पाहिजे, फुटता कामा नये. हे इतक्या सोप्या शब्दांत मला कोणीच सांगितलं नव्हतं.

नंतरच्या ट्यूनबद्दल फार लिहीत नाही, ते काम गाडीच बोलते. पण एक गोष्ट लिहायलाच पाहिजे. आधीच्या फाइलमध्ये १८०० आरपीएमलाच सगळा टॉर्क ओतला होता, सीटला पाठ चिकटायची म्हणून मला ते आवडायचं. तुम्ही तो ३००० पर्यंत हळूहळू चढवलात, कारण कनेक्टिंग रॉड टॉर्कने वाकतो, हॉर्सपॉवरने नाही, आणि गिअरबॉक्सच्या क्लचलाही तेवढा भार झेपला पाहिजे. मग डायनोवर लागोपाठ तीन रन घेतलेत. तिसऱ्या रनला गरम हवेमुळे आकडा थोडा खाली आला, आणि तुम्ही मला तोच आकडा लिहून दिलात, पहिल्या रनचा नाही. त्या आधीच्याने तोंडी सांगितलेल्या आकड्यापेक्षा हा २० हॉर्सपॉवरने कमी आहे. पण गाडी आता वरपर्यंत एका दमात, न अडखळता ओढते, चौथ्या गिअरलापण.

निघताना तुम्ही पेन ड्राइव्ह दिलात, त्यात मूळ फाइल, तुमची फाइल, तारखेसकट सगळे लॉग. म्हणालात, उद्या मी नसलो तरी दुसऱ्या कोणालाही यावरून कळलं पाहिजे की इथे काय केलंय. तो पेन ड्राइव्ह मी आरसी बुकाबरोबर ठेवलाय.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला आवडत नाही ते, आणि तुमच्याकडे आधीच रांग आहे. पण जो कोणी हे वाचत असेल त्याने आपल्या ट्यूनरला एवढं नक्की विचारावं, की माझ्या गाडीचे आधीचे आणि नंतरचे लॉग मला दाखवणार का, आणि मूळ फाइल माझ्या हातात देणार का. उत्तर देताना तो जरा जरी चिडला तरी चावी खिशात टाकून परत फिरा.

दादा, मनापासून थँक यू. कालच्या लॉगमध्ये दोन नंबरचा कॉलम वरपासून खालपर्यंत शून्य आहे, फक्त ५२०० च्या आसपास एकदा मायनस पाऊण दिसतंय, तेव्हा इंटेकचं तापमान ४८ होतं. फाइल पाठवलीये, सवडीने बघा.

तुमचा,
दोन नंबर सिलिंडरवाला