‘रिकॉल’ झालेल्या गाडीची किंमत

महोदय,

‘रिकॉल’ झालेली, म्हणजे दोष आढळल्याने कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावलेली जुनी गाडी घेऊच नये, हा आपल्या अंकातील लेखाचा सल्ला पटला नाही. अशी दुरुस्ती कंपनी सहसा विनामूल्य करून देते. ती झाली असेल तर भाव पाडण्याचे कारण नाही. राहून गेली असेल, तर धोका खरा. उदाहरणार्थ, टाकाटा कंपनीच्या एअरबॅगमधील, ती फुगवणारे अमोनियम नायट्रेट हे रसायन उष्णता व दमटपणाने खराब होई आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे थेट चालकाच्या अंगावर उडत. माणसे दगावली, तरी दुरुस्त न केलेल्या गाड्या विकल्या जातच राहिल्या! म्हणून सौद्यापूर्वी चेसिस नंबर देऊन अधिकृत सेवा केंद्रात चौकशी करावी, दुरुस्तीची नोंद मागावी. विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर स्वस्तातही ती गाडी घेऊ नये.

– एक वाचक