मुलीच्या ताब्यासाठी दिलेल्या वकिलाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : खोटी माहिती देऊन वकील नेमून दिल्याबद्दल; शुल्क व मूळ कागदपत्रे परत मिळणेबाबत

महोदय,

माझी सात वर्षांची मुलगी दिवाळीच्या सुट्टीत वडिलांसोबत साताऱ्याला गेली, ती अजून परत आलेली नाही. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात आमचा घटस्फोटाचा दावा चालू आहे. त्यातच हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली तिच्या अंतरिम ताब्याचा अर्ज करायचा होता. आपल्या ॲपवर एका वकिलांच्या नावापुढे ‘कौटुंबिक प्रकरणांतील तज्ज्ञ’ असं वाचून मी 9,500 रुपये भरले.

त्यांनी केलेला अर्जाचा मसुदा हातात आला तर दुसऱ्याच परिच्छेदात ‘अर्जदाराचा मुलगा, वय 3 वर्षे’! दुसऱ्या कुणाचा तरी अर्ज, वरची नावं तेवढी बदललेली. पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे असावं, या 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यातल्या तरतुदीवर सगळा भर. माझ्या मुलीला ती लागूच होत नाही. तिच्या बाबतीत न्यायालय तिचं हित बघणार. तिला शाळेत कोण सोडतं, तिच्या दम्याचा पंप कोण सांभाळतं, अभ्यास कोण घेतं, यातली एक ओळ त्यात नव्हती. मी विचारलं तेव्हा वकीलसाहेब म्हणाले, “मॅडम, मी जास्त करून जमिनीचीच कामं बघतो.”

तारखेला ते आलेच नाहीत. पुकारा झाला, त्यांचा फोन बंद. कौटुंबिक न्यायालयात पक्षकार स्वतः बोलू शकतो, किंबहुना वकील देण्यासाठीच न्यायालयाची परवानगी लागते, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मीच बोलले असते. पाच आठवड्यांनी पुढची तारीख पडली. वडील तिला घेऊन येतील या आशेने तिचा लाल स्वेटर पिशवीत नेला होता, तो तसाच घरी आणला.

यावर आपण मला पुढच्या सल्ल्यासाठी 20 टक्के सवलतीचं कूपन पाठवलंत. मला ते नको.

पैसे भरण्याआधी मी विधी सेवा प्राधिकरण या सरकारी संस्थेच्या मोफत वकिलाबद्दल विचारलं होतं. “तिथे केस लटकते,” असं आपल्या प्रतिनिधीने सांगितलं. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईमाणसाला उत्पन्न न बघता वकील मिळतो, 1987 च्या कायद्यातच ते आहे. आता तिथल्याच वकील बाई माझं काम बघताहेत आणि पहिल्या भेटीत त्यांनी तासभर फक्त मुलीबद्दल विचारलं.

वकिलांची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये म्हटलं आहे. आपण तेच पुढे कराल. पण माझी तक्रार आपल्याविरुद्ध आहे. ‘तज्ज्ञ’ हा शब्द आपण लिहिलात, पैसे आपण घेतलेत.

तरी संपूर्ण शुल्क परत करावं आणि न तपासता लावलेला तो शब्द काढावा. 15 दिवसांत झालं नाही, तर मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

कागदपत्रांना मात्र 15 दिवस थांबता येणार नाही. मुलीचा मूळ जन्मदाखला आणि शाळेचं प्रगतिपुस्तक अजून त्या वकिलांकडेच आहे. पुढची तारीख 18 ला आहे, ते त्याआधी माझ्या हातात हवं.

आपली,
एक ग्राहक, पुणे