स्टॅफर्ड 'अपवाद' कसे?

संपादक महोदय,

स. न. वि. वि. कालच्या अग्रलेखात युरोपातील रुग्णालय-सुधारणांचे गोडवे गाताना इंग्लंडच्या 'फाउंडेशन ट्रस्ट'ना (स्वायत्तता मिळालेल्या सरकारी रुग्णालय-संस्थांना) आपण पैकीच्या पैकी गुण दिलेत. स्टॅफर्डची, म्हणजे तिथल्या रुग्णालयात झालेल्या रुग्णांच्या हेळसांडीची, बोळवण एका वाक्यात, तीही 'अपवाद' म्हणून. अपवाद कसला? ते त्याच व्यवस्थेचे अपत्य.

हे रुग्णालय चालवणाऱ्या मिड स्टॅफर्डशायर ट्रस्टला स्वायत्तता हवी होती. त्यासाठी 'मॉनिटर' या नियामकापुढे ताळेबंद धडधाकट दिसायला हवा. मग २००६-०७ मध्ये सुमारे एक कोटी पौंडांची काटकसर ठरली आणि कात्री लागली ती माणसांना, त्यात नर्सही आल्या. अपघात विभागात आलेल्या रुग्णाची पहिली पाहणी स्वागतकक्षातले कर्मचारी करत. हृदयाचे ठोके दाखवणारी यंत्रे बंद असत, कारण ती कशी वापरायची हे नर्सना नीट शिकवलेच नव्हते. तरीही १ फेब्रुवारी २००८ रोजी 'मॉनिटर'ने स्वायत्ततेचा शिक्का मारला. मार्चमध्ये 'हेल्थकेअर कमिशन'ने त्याच रुग्णालयाची चौकशी सुरू केली! एकाने तिजोरी पाहायची, दुसऱ्याने सेवेचा दर्जा. आणि एकमेकांना विचारायचे कोणी? दर्जाची वार्षिक तपासणीही मुख्यतः रुग्णालयाने स्वतः भरून दिलेल्या घोषणापत्रावर चाले.

२००७ मध्ये मृत्यूचे गुणोत्तर १२७ असल्याचे जाहीर झाले, म्हणजे १०० मृत्यू अपेक्षित तिथे १२७. व्यवस्थापनाने खापर फोडले कोडिंगवर, म्हणजे आजारांच्या सांकेतिक नोंदींवर. कोडिंगने आकडा हलतो हे मान्य. रुग्णाचे जुने आजार नोंदवायचे राहिले की अपेक्षित मृत्यू कमी दिसतात आणि गुणोत्तर फुगते. पण म्हणून आधी वॉर्डात डोकावायचे की नोंदवह्या चाळत बसायचे? हे प्रश्न बाहेरच्यांनी विचारावेत, तर अशा ट्रस्टना संचालक मंडळाच्या बैठका खुल्या ठेवण्याचे बंधनच नव्हते. ते आले २०१२ च्या कायद्याने. या प्रकरणाच्या सार्वजनिक चौकशीचे अध्यक्ष रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या २०१३ च्या अहवालात २९० शिफारशी आहेत; उपचारात गंभीर इजा झाली तर ती रुग्णाला सांगण्याची सक्ती २०१४ मध्ये त्यातूनच आली. आपल्या अग्रलेखात तिला अर्धी ओळही मिळू नये?

जाता जाता, '१२०० बळी' हा आकडा कुठून उचललात? कमिशनच्या अंतिम अहवालात तो नाही. असा नेमका आकडा काढणे धोक्याचे, असे फ्रान्सिस यांनीही बजावले होते. गुणोत्तरावरून टाळता आले असते असे मृत्यू मोजता येत नाहीत. दुरुस्ती छापावी, आतल्या पानावर, जाहिरातींखाली दिलीत तरी चालेल.

— एक वाचक, पुणे