मथळ्यातला उंदीर कुठे गेला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या आरोग्य पानावर दारुहळद सेप्सिसवर, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या बेफाम प्रतिसादाने अवयव निकामी होऊ लागतात त्या आजारावर, गुणकारी असल्याची चौकट आली. त्याच संध्याकाळी शेजारचा मुलगा सियागंज बाजारातून रसौतेची, म्हणजे दारुहळदीच्या सुकवलेल्या अर्काची, पुडी घेऊन माझ्याकडे आला. वडील आयसीयूत. "काका, नाकातल्या नळीतून देता येईल का हो?" मी डॉक्टर नाही. लॅबमध्ये ३२ वर्षे ब्लड कल्चरच्या (रक्तात जंतू आहेत का ते पाहण्याच्या) बाटल्या सांभाळल्या, एवढीच माझी पुंजी. पुडी ठेवून घेतली आणि आधी डॉक्टरांना विचार म्हणून त्याला परत पाठवले.

चौकट खोटी नव्हती, अर्धी होती. आतड्याला आतून पेशींचा एकच थर असतो आणि त्या पेशी प्रथिनांनी एकमेकींना घट्ट सांधलेल्या असतात. सेप्सिसमध्ये आतड्याचा रक्तपुरवठा घटतो, शरीराचा स्वतःचाच दाह भडकतो आणि हे सांधे सैल होतात. मग जन्मभर आत गुपचूप नांदलेले जंतू नि त्यांचे विष रक्तात शिरू लागते आणि आधीच पेटलेल्या आगीत तेल पडते. दारुहळदीतले पिवळे बर्बेरिन दिलेल्या उंदरांत हे सांधे अधिक टिकले, असे प्रयोग सांगतात. पण अशा बऱ्याच प्रयोगांत औषध आधी पाजतात आणि उंदराला मागाहून आजारी पाडतात. माणूस आयसीयूत येतो तो आजारी पडल्यावर!

शिवाय शुद्ध करून, मोजून दिलेले बर्बेरिन वेगळे आणि पुडीतली रसौत वेगळी. यकृतात औषधांचा निचरा करणाऱ्या एन्झाइमलाही बर्बेरिन अडवते; त्याने अवयव प्रत्यारोपणानंतर देतात त्या सायक्लोस्पोरिनसारख्या औषधाचे रक्तातले प्रमाण वाढते. आयसीयूतल्या रुग्णाला आधीच किती औषधे चालू असतात!

सेप्सिसने भल्याभल्यांना चकवले आहे. सेप्सिसवरचे झायग्रिस हे इंजेक्शन २००१ साली अमेरिकेत मंजूर झाले, तेही माणसांवर तपासून. नव्या चाचणीत मृत्यू कमी होईनात, तेव्हा २०११ साली कंपनीनेच ते मागे घेतले.

त्या चौकटीत दोन ओळी वेगळ्या हव्या होत्या. ताप किंवा जखमेसोबत धाप, बरळणे, लघवी कमी होणे दिसले, तर घरी थांबू नका. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे सेप्सिसने रक्तदाब कोसळतो तेव्हा, अँटिबायोटिक तासाभराच्या आत सुरू व्हायला हवे.

पुडी अजून माझ्या फडताळात आहे. पुढच्या खेपेला 'उंदरांवरील प्रयोग' हे शब्द मथळ्यातच घ्या, सातव्या ओळीत नकोत.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन,
रामबाग, इंदूर