जी.आय.पी.ची घंटा

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. ‘बाबा, तुम्ही गाड्या सोडल्यात, मी मात्र अकाउंट्समध्ये बसून नुसती बिलं तपासते,’ हे वाक्य दोनदा वाचलं आणि लिहायला बसलो.

आपल्या स्टेशनावरची घंटा आठवते? छपराखाली तारेनं टांगलेला हातभर रूळ. चवड्यांवर उभी राहून तू त्याच्या कडेची उठावाची अक्षरं चाचपायचीस: जी.आय.पी.आर., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती याच कंपनीची. भांडवल विलायतेचं आणि त्यावर ५ टक्के परताव्याची हमी सरकारची. मिळकत कमी पडली की तूट तिजोरीतून, म्हणजे रयतेच्या साऱ्यातून भरायची. जमीनसुद्धा फुकट. मग खर्चाला हात आखडेल कोण? भागधारकाचे पाच टक्के ठरलेले, आणि इकडे तिसऱ्या वर्गात माणसं कोंबलेली.

विल्यम ॲकवर्थ यांच्या समितीनं १९२१ साली हा सगळा कारभार तपासला. सदस्यांत मतभेद झाले, पण अध्यक्ष सरकारी व्यवस्थापनाच्या बाजूनं उभे राहिले. रेल्वेचा हिशेब देशाच्या हिशेबातून वेगळा काढा, असंही समितीनं सांगितलं. १९२४ पासून वेगळं बजेट सुरू झालं, ते २०१७ पर्यंत चाललं. १ जुलै १९२५ ला जी.आय.पी. सरकारकडे आली आणि १९५१ साली निजाम, शिंदे, धोलपूर संस्थानांच्या रेल्वे तिच्यात मिळून मध्य रेल्वे झाली. आपली बार्शी लाईट रेल्वे मात्र १९५४ पर्यंत कंपनीचीच होती.

आता बिल तपासण्याचीच, माझ्या डोळ्यांदेखतची गोष्ट. आमच्या यार्डात एका ठेकेदारानं गिट्टीचे ढीग रचले होते. लांबी, रुंदी, उंची टेपनं अगदी बरोबर. अकाउंट्सचे एक तपासनीस आले, वयस्कर, हातात छत्री. त्यांनी मधलाच एक ढीग उकलायला लावला. वीतभर गिट्टी निघाली, खाली सगळा मुरूम. ते बिल त्यांनी तिथल्या तिथे अडवलं. तो मुरूम रुळाखाली गेला असता तर पावसाळ्यात लाईन खचली असती, आणि मी त्याच लाईनवर रोज गाड्या सोडत होतो.

गिट्टीचं बिल आलं की मोजमापाचं पुस्तक मागव. जमलं तर साईटवर जाऊन ये. बूट घालून जा, चपलेनं गिट्टीवर पाय मुरगळतो.

तुझे,
बाबा