वाड्याची किल्ली घेऊन ये

सांगली,
20 एप्रिल 2025

प्रिय बंडू,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू वाडा विकायचं काढलंस आणि मी गप्प राहिलो. समोर गिऱ्हाईक उभं होतं हे खरं, पण सांगण्यासारखं इतकं होतं की ते फोनवर मावलं नसतं. आज रविवार. दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून लिहायला बसलोय. काकूंनाही हे वाचून दाखव, कारण वाड्यावर तुझ्याइतकाच त्यांचाही जीव आहे.

पेठ आता कशी आहे, असं विचारलंस. मोठी दुकानं विश्रामबागेच्या बाजूला सरकली. तिकडे गाडी लावायला जागा आहे, रस्ते रुंद आहेत. पण लग्नाचा बस्ता, पूजेचं सामान, मसाल्याची हळद, शाळेच्या वह्या यांच्यासाठी खेड्यापाड्यांतली माणसं अजून हरभट रोड, मारुती रोड, गणपती पेठ हीच वाट धरतात. तासगावहून आलेली बाई गणपतीचं दर्शन घेते, मग भाव विचारत विचारत टिळक चौकापर्यंत येते. बाजाराच्या दिवशी दुपारी बारानंतर स्कूटर ढकलतच न्यावी लागते. म्हणजे पेठ मेलेली नाही, बंडू. तिला धाप लागलीय.

आणि धाप कशाची, तर पाण्याची. तू 2019 ला पुण्यातून टीव्हीवर पाहिलंस, मी इथं होतो. आपल्याकडे ऑगस्ट आला की माणसं एकमेकांना "कसा आहेस?" विचारत नाहीत, "आयर्विनला किती?" विचारतात, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. 2005 ला पाणी 53 फुटांच्या वर गेलं होतं. बाबांनी त्या वेळी दुकानाच्या भिंतीवर खिळ्यानं रेघ मारून ठेवली होती. 2019 ला मी सगळा माल त्या रेघेच्या वर एक फूट रचला आणि निर्धास्त झालो. पाणी 57 फुटांवर गेलं. आठ दिवसांनी शटर उघडलं तर वह्या फुगून कपाटांच्या फळ्या फाकल्या होत्या. समोरच्या किराणा दुकानातून गूळ वितळून रस्त्यावर आला होता, आणि भिजलेल्या पोत्यांचा तो वास अजून कधीकधी पहाटे नाकात येतो. पुन्हा दोनच वर्षांनी, 2021 ला, पाणी 55 च्या आसपास आलं. भिंतीवर आता तीन रेघा आहेत. मधली रेघ माझ्या डोक्यावरून जाते.

पेठेत पुराचा विषय निघाला की बोलणं कृष्णेवरच्याच, खाली कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणावर जातं. कर्नाटक धरणाची उंची 519.60 मीटरवरून 524.256 मीटर करू पाहतंय, मग पाणी मागं आपल्याकडे फुगेल ही धास्ती सगळ्यांना आहे आणि ती मलाही आहे. त्या विषयावर मोर्चा निघाला तर मी जाणार. पण पुराची कारणं शोधायला नेमलेल्या वडनेरे समितीनं 2020 च्या अहवालात पूररेषेतली बांधकामं, नाल्यांवरची अतिक्रमणं यांच्याकडेही बोट दाखवलं होतं, तो विषय कोणी काढत नाही. कोयनेचा विसर्ग किंवा अलमट्टीचे दरवाजे माझ्या हातात नाहीत. माझ्या दुकानासमोरची गटार मात्र माझ्या हातात आहे.

ही गोष्ट मला एका भाजीवाल्या मावशीनं शिकवली. कोपऱ्यावर मेथी-शेपू घेऊन बसतात त्या, तू असतानाही बसायच्या. गेल्या वर्षी जुलैत म्हणाल्या, "दादा, नदी अजून घाटाच्या पायऱ्यांवर नाही आणि ह्या तोंडातनं पाणी उलटं यायला लागलंय बघा." मी पाहिलं. चेंबरच्या झाकणाच्या कडेनं बुडबुडे येत होते. त्या जमिनीवर बसतात म्हणून त्यांना ते दिसतं, आपण काउंटरमागं उंचावर बसतो. नदी फुगली की नाल्यांतून आणि गटारींतून पाणी मागं सरकतं, आणि पाऊस इथं पडला तर तेही बाहेर जात नाही. त्यात गटार तुंबलेली असेल तर साधा तासाभराचा पाऊसही दुकानात शिरतो. त्याला पूर लागत नाही.

गटार कशानं तुंबते, ते आम्ही जानेवारीत उघडून पाहिलं. दुकानात चढायला सोयीचं म्हणून जवळजवळ प्रत्येकानं गटारीवर कायमची फरशी बसवलीय, कोणी पायरी बांधलीय, कोणी वर कट्टा करून जाहिरातीची पाटी रोवलीय. नालेसफाईचे कामगार येतात, जेवढी तोंडं उघडी तेवढ्यातनं गाळ ओढतात आणि पुढं जातात. ते करणार तरी काय? माझ्याही दारात बाबांनी घातलेली शहाबादी फरशी होती. बाबांच्या हातची म्हणून तिला हात लावावासा वाटत नव्हता. शेवटी गवंडी बोलावून तीच पहिली फोडली, कारण स्वतःची ठेवून दुसऱ्याला सांगायला तोंड उरलं नसतं. आतून काय निघालं सांगू? गुटख्याच्या पुड्या, चहाचे कागदी कप, थर्माकोल, साड्यांच्या पॅकिंगचे पुठ्ठे, हार, आणि माझ्याच दुकानाच्या नावाच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. त्या दिवसापासून मी पिशवी देणं बंद केलं.

आमच्या रांगेत सव्वीस दुकानं. त्यातल्या अकरांनी आतापर्यंत फरशा काढून उचलता येतील अशा लोखंडी जाळ्या बसवल्यात. एकानं तर जाळीला गंज लागू नये म्हणून स्वतः रंगही दिला. बाकीच्यांत एक कापडवाले आहेत, त्यांची पायरी चांगली तीन फूट बाहेर आलीय. ते म्हणतात, "पुरात सगळंच बुडतं, तुमच्या जाळीनं काय होणार?" मी तीनदा गेलो, तिन्ही वेळा चहा पाजून परत पाठवलं. चौथ्यांदा जाणार आहे. त्यांच्या मुलाला पटलंय असं वाटतं.

पूर्वी अशा वेळी रात्री दहा वाजता नगरसेवकाचं दार वाजवता यायचं. त्याला शिव्या घालायचो, पण तो सकाळी मुकादमाला घेऊन यायचा. नगरसेवकांची मुदत 2023 च्या ऑगस्टात संपली, त्यानंतर महापालिकेचा कारभार प्रशासकांकडे गेला. अधिकारी वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण आपल्या गल्लीतला, आपल्या मतावर उभा राहिलेला माणूस सभागृहात नसणं ही मोठी उणीव आहे. शेरीनाल्याचं सांडपाणी कृष्णेत मिसळतं, ते थांबवून धुळगावच्या शेतीला द्यायचं, हे आपण कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. इतके लांबणारे प्रश्न कोणीतरी दर महिन्याला सभेत उठून विचारले तरच जागे राहतात.

मावशींचं दुखणं वेगळंच आहे. रस्ता मोकळा करायची मोहीम आली की त्यांचा तराजू जातो. आम्हा दुकानदारांतलेच काहीजण तक्रार करतात, आणि सणाला आमचंच टेबल रस्त्यात येतं. पथविक्रेत्यांचा कायदा 2014 चा आहे. त्यात सर्वेक्षण आहे, विक्री प्रमाणपत्र आहे, शहर पथविक्रेता समिती आहे, आणि त्या समितीत किमान 40 टक्के जागा विक्रेत्यांमधून निवडून आलेल्यांच्या आहेत. त्यातही एक तृतीयांश बायका. मी हे मावशींना वाचून दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "म्हणजे मला तिथं बसून बोलता येईल?" येईल, म्हटलं. आता त्यांची आणि आणखी चौदा जणींची कागदपत्रं गोळा करतोय. आधारकार्ड आहेत, पण दोघींची 2019 च्या पाण्यात गेलेली रेशनकार्डं अजून नीट झालेली नाहीत.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

वाडा विकू नकोस असं मी सांगणार नाही. दलाल जो आकडा सांगतोय तो वाईट नाही, आणि कुलूप लावून ठेवलेल्या घराची वाळवी पुण्यातून झाडता येत नाही हे मला कळतं. पण परवा तुझ्या वाड्यावरून गेलो तेव्हा पुराची खूण पाहिली. 2019 चं पाणी जिन्याच्या वरून तिसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं. माडी कोरडी राहिली, बंडू. आसपासच्या दहा घरांत एवढी मोठी कोरडी जागा दुसरी नाही.

पाणी 35 फुटांवर गेलं की मोठे व्यापारी टेम्पो मागवून माल हलवतात. मावशींना, चप्पलवाल्याला, बांगडीवालीला टेम्पो परवडत नाही. त्यांचे गठ्ठे कुठं ठेवायचे हा प्रश्न दरवेळी त्याच रात्री उठतो आणि त्याच रात्री बुडतो. या पावसाळ्यापुरती तुझी माडी आम्हाला दे. प्रत्येक गठ्ठ्यावर नाव घालू, वही मी ठेवीन, कुलपाची एक किल्ली माझ्याकडे आणि एक मावशींकडे. तुळया सुताराला दाखवून घेतो, त्याचा खर्च आम्ही अकराजण करू. सप्टेंबरात वाडा झाडून तुझ्या ताब्यात देतो, मग विक आणि मी स्वतः साक्षीदार म्हणून सही करीन.

किल्ली कुरिअरनं पाठवू नकोस. मेअखेरीस काकूंना घेऊन ये. माडीवरच्या कपाटात तुझ्या आजोबांच्या चोपड्या आणि पितळी समया अजून आहेत, त्या कुठं हलवायच्या ते काकूंनीच सांगावं. जिन्याचा कठडा डावीकडे हलतो, त्यांना उजव्या बाजूनं चढवू.

तुझा,
आप्पा